खांबेटेकाकांचे नेचेगावकर

खांबेटेकाका मला हाक मारून वर बोलवत नसत, जमिनीवर काठी आपटून बोलवत. आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो, तेव्हा त्यांची जमीन म्हणजे आमचं छत. ठकठक झाली की समजायचं, वर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मेलेला एखादा इंग्रज सापडला आहे आणि त्याचं वय वाचायला मी हवी आहे.

पहिलं बोलावणं आलं तेव्हा हॅलिफॅक्सला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. नवरा ऑफिसला गेलेला, मी घरून काम करत होते. वर गेले तर काका डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेले. पडद्यावर कुठल्याशा चर्चच्या दफनांच्या जुन्या वहीचं पिवळट पान, बारीक तिरकं अक्षर, आणि पानाच्या उजव्या बाजूवर काकांनी सिरियलच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा दाबून धरलेला.

“ये, नागपूर,” ते म्हणाले. माझं नाव प्राची आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची त्यांची खोड. “मी डोळे मिटतो. तू पुठ्ठा काढ आणि शेवटच्या ओळीतलं वय वाच. लगेच सांगू नको हं. आधी ‘सांगू का’ म्हणून विचार.”

मला हसू येत होतं. पण त्यांचा दुसरा हात बघितला आणि हसू आवरलं. टेबलाची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“सांगू का?”

“सांग.”

“एकोणसत्तर.”

काकांनी डोळे उघडले. “एकोणसत्तर! शाब्बास रे पठ्ठ्या!” असं त्या कोण कुठल्या मेलेल्या शेतमजुराला म्हणाले आणि उठून चहाचं आधण ठेवलं. म्हातारा थोडा सटकलेला दिसतोय, असं मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. घरमालक म्हणून तर उत्तम होते, तेव्हा सटकलेले असले तरी आमची ना नव्हती.

काका मूळचे मिरजेचे. ऐन तारुण्यात जहाजबांधणीच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून इथे आले आणि बंदराच्या वाऱ्यात वाळत वाळत शेवग्याच्या शेंगेसारखे झाले. उंच, किडकिडीत, बारा महिने अंगात तेच निळं जॅकेट. तपासून बघायची सवय हाडात मुरलेली. माझ्या नवऱ्याने ड्राइव्हवे शोव्हल केला की हे बुटाच्या टाचेने बर्फ टोकरून बघणार, गॅरेजवाल्याने विंटर टायर्स लावले की त्याच्यासमोरच पुन्हा एकेक नट पिळून बघणार. गॅरेजवाला चिडायचा. “चिडू दे,” काका म्हणायचे, “माझा विश्वास आहे त्याच्यावर. पण नटावर नाही.”

हे मेलेले इंग्रज म्हणजे त्यांच्या सासरचे लोक. बायको मार्गारेट इथलीच, पण तिच्या वडिलांचं घराणं इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातलं. माहेरचं आडनाव ब्रॅकनबी. त्या आडनावाचा काकांनी पार मुळापर्यंत छडा लावला होता. ‘बी’ म्हणजे गाव, समुद्रापलीकडून येऊन त्या भागात वसलेल्या जुन्या लोकांचा शब्द. ब्रॅकन म्हणजे माळावर माजणारं नेचं. “म्हणजे नेचेगाव,” काका सांगायचे, “आणि हे नेचेगावकर. थेट आपल्यासारखं. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारेल? गाव सोडून दुसरीकडे गेला की मारतात. तू नागपुरातच असतीस तर तुला नागपूर म्हटलं असतं का मी?”

नर्सरीतून आणलेलं नेचं त्यांनी खिडकीत ठेवलं होतं. त्याला ते सासऱ्यांचं कुलदैवत म्हणत आणि बाहेरगावी जाताना पाणी घालायची कामगिरी माझ्यावर सोपवत. सासरच्या माणसांवर त्यांचा फार जीव. “मेलेली माणसं बरी,” म्हणायचे. “पत्ता बदलत नाहीत.”

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी ‘माझा छंद’ म्हणून कुणाकुणाला बोलायला सांगितलं होतं. कुणी बागेवर बोललं, कुणी फोटोग्राफीवर. काका उभे राहिले ते चर्चच्या वह्यांवर. जन्मलेल्या मुलाचा बाप्तिस्मा एका वहीत, लग्न दुसऱ्या वहीत, दफन तिसऱ्यात. एका माणसाला तिन्ही वह्यांत शोधून एका दोरीत ओवायचं, हे त्यांचं काम. तिथल्या पाद्र्यांना ते सरसकट भटजी म्हणत. “ह्या भटजीला दक्षिणा कमी मिळाली असणार, शाईत पाणी घातलंय बघा,” असं पडद्यावर पान दाखवून म्हणाले तेव्हा सगळा हॉल हसला. मुलं केव्हाच समोशांच्या टेबलाकडे पळाली होती, तरी काकांची गाडी थांबेना. शेवटी त्यांची मुलगी मीरा हसत हसत पुढे आली, त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, “बाबा, गणपती इज वेटिंग.”

मग आरती झाली. मीरा ताम्हन घेऊन फिरवत होती. ताम्हनातलं निरांजन घसरलं, सतरंजीवर पडलं आणि विझलं. एवढंच. कुणीतरी म्हणालं तुपाने ओशट झालं असेल, कुणी दुसरं निरांजन लावलं, टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. मी सहज काकांकडे बघितलं. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं म्हणतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आरती संपेपर्यंत ते मीराच्या हातांकडे बघत होते, गणपतीकडे एकदाही नाही. घरी जाताना गाडीत मला म्हणाले, “तूपच होतं ना गं? तू बघितलंस ना?” मी हो म्हणाले. मी बघितलेलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला सगळं सांगितलं. मटार सोलत सांगितलं, एकदाही वर न बघता.

मार्गारेट चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. चाळिशीच्या आसपास तिचे पाय ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर चुकायला लागले. मग हातातून कप पडायला लागले. मग चिडचिड, ती आधी कधी चिडायची नाही. मग हातपाय आपले आपण हलायला लागले, बसल्या जागी, झोपेत नाही पण जागेपणी सतत. दुकानात लोकांना वाटायचं बाई पिऊन आलीय. एकदा पोलिसाने थांबवून रस्त्यावर सरळ रेषेत चालायला लावलं आणि मीरा मागच्या सीटवरून बघत होती. मीरा तेव्हा शाळेत. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. ते नाव काकांनी घरात कधी उच्चारलं नाही, ते फक्त ‘ते’ म्हणत. म्हणून मीही इथे लिहीत नाही. आईबापांपैकी एकाला ते असलं, तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. ज्याला ते नाही, त्याच्या मुलांना ते त्याच्याकडून येऊच शकत नाही. आणि झालं की उपाय नाही. पंधरा-वीस वर्षं माणूस हळूहळू आपल्या हातातून निसटत जातं.

“तेव्हा रक्ताची तपासणी नवी नवी निघाली होती,” काका म्हणाले. “मार्गारेट नको म्हणाली. दत्ता म्हणणं तिच्या जिभेला कधी जमलं नाही. म्हणाली, डट्टा, मला काय झालंय ते मला कळतंय. पण लिहून नको. मीरासाठी शंकेला जागा राहू दे.”

मार्गारेट गेली. काका त्या शंकेच्या जागेत राहायला गेले ते तिथेच राहिले. डॉक्टर चुकले असतील तर? मार्गारेटला दुसरंच काही झालं असेल तर? मग मीराला धोकाच नाही. आणि हे सिद्ध करायचा एकच मार्ग त्यांना दिसत होता, तो म्हणजे नेचेगावकर. मार्गारेटची आई नव्वदीपर्यंत ठणठणीत, तेव्हा ती बाजू सुटली. वडील टगबोटीवर होते, ऐन तिशीत वादळात बुडाले, त्यांचं काही कळायला मार्ग नाही. त्या वडिलांना तान्हं असताना त्यांच्या आईने एकटीने इंग्लंडहून इथे आणलं. ती म्हातारी होऊन धडधाकट वारली, पण नवऱ्याबद्दल जन्मात अवाक्षर बोलली नाही. तो नवरा, मार्गारेटचा आजोबा, जॉन ब्रॅकनबी. सगळा डोलारा त्या एका जॉनवर. जॉन म्हातारपणापर्यंत धडधाकट जगला असेल, तर त्याच्या मुलाला ते नव्हतं, मार्गारेटला नव्हतं आणि मीराला नाही.

जॉन सापडत नव्हता. सापडत होते ते त्याचे चुलते, आत्या, चुलत भाऊ. त्यातला कुणी साठीसत्तरी गाठलेला निघाला की काका लहान मुलासारखे खूश होत. कुणी चाळिशीत गेलेला निघाला की दोन दिवस काठीचा आवाज येत नसे. आता ठकठक झाली की जिन्याच्या पायऱ्या चढताना मी कुणा परक्या इंग्रजासाठी मनात देवाचं नाव घ्यायचे. पुठ्ठा काढायची मलाच भीती वाटायला लागली होती.

मीरा बंदरापलीकडे डार्टमथला एकटी राहायची. दर रविवारी फेरीबोटीने यायची. दातांच्या क्लिनिकमध्ये दात साफ करायचं काम करत होती, तिथून अलीकडेच कॉलेजात तेच शिकवायला लागली होती. काकांना ही बढती वाटे आणि ते भेटेल त्याला सांगत. उंची बापाची, डोळे आईचे. मराठी तिला सगळं कळायचं, बोलताना मात्र इंग्रजी.

ती आली की काका स्वतः चहा करत. माझा कप बोटभर रिकामा, त्यांचा कप बोटभर रिकामा, मीराचा मात्र काठोकाठ. बशीत ठेवून तो तिच्या हातात देत, टेबलावर कधीच ठेवत नसत. ती तो घेऊन खोली ओलांडून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, आणि तोपर्यंत काका एक शब्द बोलत नसत. त्यांची नजर त्या चहावर. थेंब न सांडता ती बसली की ते खुर्चीत मागे टेकायचे आणि मग भडाभडा बोलत सुटायचे, हवेवर, महापौरावर, मेथीच्या चवीवर. कधी मध्येच सुई-दोरा आणून म्हणायचे, “जरा ओव गं, मला दिसत नाही.” ती ओवून द्यायची. त्या दोऱ्याने ते काहीही शिवत नसत.

एकदा मी आणि मीरा फेरीने डार्टमथला चाललो होतो. वरच्या डेकवर वारा झोंबत होता, तरी ती आत यायला तयार नव्हती. मी कसं विचारावं याची जुळवाजुळव करत होते, तर तीच म्हणाली, “यू नो अबाउट द टी, राइट?”

मी मान हलवली.

“मी नाइन्टीनची होते तेव्हापासून आय नो. आधी मला खूप राग यायचा. नाउ आय जस्ट कॅरी द कप.”

“मग तपासणी का करून घेत नाहीस, मीरा? एकदा काय ते कळेल. काकांचाही जीव भांड्यात पडेल.”

ती पाण्याकडे बघत राहिली. नौदलाचं एक राखाडी जहाज आमच्या समोरून चाललं होतं. “अँड देन व्हॉट विल ही डू?” ती म्हणाली. “मग बाबा काय करतील, सांग मला.” हात खिशात कोंबून ती उभी होती, आणि फेरी लागेपर्यंत तिने ते बाहेर काढले नाहीत.

जानेवारीत जॉन सापडला. ठकठक नेहमीसारखी नव्हती, छत खाली येतंय असं वाटलं. मी चपला न घालता वर धावले. काकांनी पुठ्ठा धरला होता आणि या खेपेला त्यांनी डोळेही मिटले नाहीत, तोंड भिंतीकडे फिरवलं.

“सांगू का?”

त्यांच्या ‘सांग’ची वाट न बघता मीच सांगून टाकलं. “एक्याऐंशी.”

“पुन्हा बघ.”

“एक्याऐंशी, काका. आठावर एक. आणि बाजूला भटजीने काहीतरी लिहिलंय. शेवटच्या वर्षापर्यंत या चर्चची घंटा वाजवीत असे.”

काका भिंतीकडे तोंड करूनच रडले. मग डोळे पुसून म्हणाले, “घंटेची दोरी ओढत होता! ऐंशी उलटल्यावर! हात हलत असते तर जमलं असतं का?” बाप्तिस्म्याची नोंद आधीच सापडलेली होती, विल्यमचा मुलगा जॉन, आणि साल वयाशी अगदी चोख जुळत होतं. त्या रविवारी त्यांनी मिल्क पावडरचे पेढे केले. ते वड्यांसारखे थापले गेले होते आणि चमच्याने खरवडून काढावे लागले. मीराला त्यांनी स्वतःच्या हाताने पेढा भरवला आणि सगळं सांगितलं, घंटेसकट. तिने त्यांना मिठी मारली. “दॅट्स अमेझिंग, बाबा,” म्हणाली, आणि दुसरा पेढा मागून घेतला. मी इतके दिवस त्या माणसाला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो सगळे एकदाचे.

आठवड्याभरात ते हसू गेलं. नेचेगावाजवळ हिलरी नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या चर्चच्या वह्या हौसेने उतरवून काढायच्या. काकांचा त्यांच्याशी व्हिडिओवर स्नेह. मागे कोंबड्या ओरडत असायच्या. काकांनी विजयाची बातमी द्यायला त्यांना फोन लावला आणि मलाही बसवून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून विचारलं, “डट्टा, डिअर, डिड यू किल हिम फर्स्ट?”

काकांना कळेना. मला तर बाई काय बोलतात म्हणून धक्काच बसला. मग त्यांनी समजावून सांगितलं. हे काम करणाऱ्यांची ती पहिली रीत. बाप्तिस्मा सापडला की लगेच पुढच्या दोन-चार वर्षांच्या दफनांत त्याच नावाचं तान्हं मूल गेलेलं आहे का ते बघायचं. कारण मूल दगावलं की पाठच्या मुलाला तेच नाव ठेवायची तिथे जुनी पद्धत.

“मेलेल्या मुलाचं नाव?” काका मराठीतच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “अगं, आपल्यात कुणी धजेल का असं करायला? आईच्या तोंडून ते नाव निघेल का पुन्हा?”

त्यांच्या मनात हे आलंच नव्हतं. माझ्याही आलं नसतं. नट पुन्हा पुन्हा पिळून बघणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट बघितली नव्हती, कारण ती बघावी लागते हेच आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. हिलरीबाईंनी तिथल्या तिथे पान उघडून दाखवलं. विल्यमचा जॉन वर्षाच्या आत गेला होता. पुढे पाच वर्षांनी विल्यमला पुन्हा मुलगा झाला, त्याचं नाव जॉन. एक्याऐंशी वर्षं जगून घंटा वाजवणारा जॉन तिसराच, चुलत्याच्या घरचा, पहिल्या जॉनच्याच साली जन्मलेला. मार्गारेटचा आजोबा होता तो धाकटा जॉन. आजोबाच्या लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव विल्यम होतं आणि विल्यमचा जिवंत राहिलेला जॉन तेवढाच.

“आय कॅन लुक फॉर हिम, इफ यू लाइक,” हिलरीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “ओन्ली इफ यू लाइक.”

काकांनी टेबलावरचा पुठ्ठा हातात घेतला. मग ‘प्लीज’ म्हणाले.

दोन दिवसांनी पान आलं. ते शेजारच्या गावच्या चर्चचं होतं. काकांनी पुठ्ठा धरला, वयाचा रकाना झाकला, डोळे मिटले. मी वय बघितलंच नाही. बघायची गरज पडली नाही, कारण वयाच्या आधीचा रकाना पत्त्याचा असतो आणि तो पुठ्ठ्याच्या बाहेर होता. त्यात भटजीने स्वच्छ, वळणदार अक्षरात जिल्ह्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव लिहिलं होतं. काका डोळे मिटून माझ्या ‘सांगू का’ची वाट बघत होते आणि मी तोच रकाना पुन्हा पुन्हा वाचत होते.

शेवटी त्यांनी स्वतःच डोळे उघडले. वाचलं. मग पुठ्ठा आपल्या हाताने काढला. चव्वेचाळीस.

“म्हणून म्हातारी बोलली नाही कधी,” ते म्हणाले. “पोराला उचललं आणि समुद्र ओलांडून आली. बोलणार तरी काय.” लॅपटॉप मिटला. मी निघताना माझा हात धरला. “मीराला कळता कामा नये. एक्याऐंशीच सांगितलंय, एक्याऐंशीच राहू दे. मला भीती वाटते गं. मला फार भीती वाटते.”

त्या रविवारी मी मुद्दाम आमच्या नागपूरकडची, कोथिंबीर भरलेली पुडाची वडी करून वर नेली, म्हणजे बोलायला काहीतरी विषय राहील. मीरा आली, तिने बूट काढले, वडीचा वास घेतला, खूश झाली. काकांनी चहा गाळला. माझा कप दिला. मग मीराचा कप दिला आणि मी बघतच राहिले. कप अर्धा होता.

मीरानेही कपात बघितलं. खिडकीजवळ गेली नाही, तिथेच उभी राहिली.

“बाबा, व्हाय हाफ?”

“संपला चहा.” पातेल्यात चहा होता. तिघांनाही दिसत होता.

मीराने कप टेबलावर ठेवला. “यू फाउंड समथिंग. दॅट जॉन… तो नव्हता ना?”

“तुला कुणी सांगितलं?” काका माझ्याकडे असे बघायला लागले की मी हातातली वडी खाली ठेवली. “हिने सांगितलं?”

“कुणी नाही. बाबा, सिट डाउन. आय ऑलरेडी नो.”

“काय माहीत आहे तुला? जॉनचं मी कुणालाच…”

“जॉनचं नाही,” मीरा म्हणाली, आणि हे ती मराठीत म्हणाली. “माझं. मी टेस्ट केली. लास्ट स्प्रिंग.”

काका उभेच. चहाचं गाळणं अजून हातात, त्यातून चहा ठिबकत होता. “आणि?”

“आहे, बाबा.”

मी तेव्हाच उठून खाली जायला हवं होतं. गेले नाही. काकांनी गाळणं सिंकमध्ये ठेवलं, नीट, पालथं. मग विचारलं, “म्हणून क्लिनिक सोडलंस?”

“शार्प थिंग्ज असतात. लोकांच्या तोंडात. एक दिवस माझा हात… नथिंग हॅपन्ड. पण मला भीती वाटली.”

“तू पेढा खाल्लास,” काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तुला माहीत होतं. मी एवढं नाचत होतो, आणि तुला माहीत होतं. आणि तू दुसरा मागून घेतलास.”

“यू वेअर सो हॅपी, बाबा.”

तेव्हा मी पहिल्यांदा तिचे हात नीट बघितले. टेबलावर ठेवलेली बोटं किंचित हलत होती, पेटीच्या पट्ट्या चाचपडल्यासारखी, एकेक करून, तिला न विचारता. काकांनीही बघितली. ते टेबलाला वळसा घालून आले, तिच्या शेजारी बसले आणि त्या बोटांखाली आपला तळहात उताणा ठेवला. दाबून धरली नाहीत. त्यांना माहीत होतं की दाबून उपयोग नसतो.

त्यानंतर आमच्या छतावर कधी काठी वाजली नाही. उन्हाळ्यात नवऱ्याला नवी नोकरी लागली आणि आम्ही दुसऱ्या प्रांतात, मिल्टनला आलो. निघताना काकांनी नवऱ्याच्या गाडीच्या चाकांचे नट पिळून बघितले, दुसरं काही बोलले नाहीत. फोनवर बोलणं व्हायचं. मीरा आता त्यांच्याकडे राहायला आली होती. बेसमेंट त्यांनी पुन्हा भाड्याने दिलं नाही. जिन्याला कठडे बसवले, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, सगळं स्वतः मापं घेऊन.

गेल्या हिवाळ्यात एका मैत्रिणीकडे हॅलिफॅक्सला गेले होते. काकांना फोन केला तर म्हणाले, “घरी दुपारी ये. सकाळी भेटायचं असेल तर मॉलमध्ये ये, दुकानं उघडायच्या आधी.” बाहेर रस्त्यावर काळा, डोळ्यांना न दिसणारा निसरडा बर्फ होता. अशा दिवसांत गावातली म्हातारी माणसं मॉलच्या आत फेऱ्या मारतात. शटर बंद असतात, दिवे अर्धे लावलेले असतात आणि नुसता बुटांचा आवाज येत असतो. त्या घोळक्यात मला काका दिसले. पांढरे शुभ्र रनिंग शूज, मुलांसारखी ट्रॅक पँट, वर ते निळं जॅकेट. हात जोरजोरात हलवत चालले होते. मी आडवी गेले तर थांबले नाहीत.

“चल माझ्याबरोबर. थांबता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, मध्ये थांबायचं नाही.”

मी चालायला लागले. मला धाप लागत होती. मीरा कशी आहे विचारलं. “कॉलेजात जाते अजून. जिना उतरताना मी पुढे असतो,” म्हणाले. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागले.

“मार्गारेटला मी होतो. भरवायला, कपडे घालायला, लोकांना सांगायला की ही प्यायलेली नाही म्हणून. मीराला कोण आहे? मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. तिला शेवटपर्यंत माणूस लागणार, आणि तो शेवट फार लांब असतो, तो मी बघितलाय. म्हणजे मला जवळजवळ शंभरी गाठायला हवी. गोड सोडलं. तूप सोडलं. छातीत जरा चमकलं तरी मला दरदरून घाम फुटतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वयांना घाबरलो, आता माझ्याच वयाला घाबरतोय. मला मरून चालणार नाही गं.”

मला रडू फुटलं. त्यांनी बघितलं असेल, पण पाय थांबवले नाहीत. “तू बस,” म्हणाले, “दमलीस. मी अजून चालतो.”

मी बाकावर बसले. ते बंद शटरांच्या रांगेवरून पुढे गेले, दोन म्हाताऱ्यांना मागे टाकून कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने आले. चेहरा लाल झालेला, ओठ घट्ट मिटलेले. माझ्या समोरून जाताना त्यांनी हात वर केला, आणि न थांबता पुढे गेले.